पिवळी ओल

१

शाळेची मागची भिंत पिवळी पाझरतेय, अशी तक्रार आमच्या खात्यात आली तेव्हा साहेबांनी ती फुंकर मारल्यासारखी माझ्याकडे उडवली. "रंगाची काहीतरी भानगड असेल. जाऊन या, बघा आणि संपवून टाका."

मी प्रदूषण खात्यात तपासनीस आहे. काम व्हावं असं आमच्या साहेबांना फारसं वाटत नाही, ते संपावं असं मात्र रोज वाटतं. मी तपासणीची पेटी उचलली आणि निघाले.

शाळा नवीकोरी होती. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या होत्या आणि मला पाहताच त्यांनी बोलायला सुरुवात केली, त्या मागच्या अंगणात पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. हात धुवायच्या नळांमागचा पाइप फुटला होता. दुरुस्त केला तरी भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येतच होतं. भिंतीला गिलावा नव्हता. लाल विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या, दिसायला देखण्या म्हणून. त्यांच्या सांध्यांतून पिवळेधमक ओघळ खाली फरशीवर आले होते.

आणि फरशीवर फुलं होती. पिवळी, बोटांनी काढलेली. एक सूर्य, एक मांजर, एक घर.

"पोरांनी काढलीत," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ओरडले मी. पण रंग फुकटचा मिळाला की पोरं ऐकतात होय?"

मी पेटी उघडली. ओघळाचं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं. फिकट नाही; वांग्याच्या सालीसारखं.

क्रोमियम नावाच्या धातूचे दोन स्वभाव असतात. एक हिरवट, सुस्त, जिथे आहे तिथे पडून राहणारा. दुसरा पिवळा. तो पाण्यात विरघळतो, कातडी खातो, श्वासातून गेला तर फुप्फुसात घर करतो. जांभळा रंग म्हणजे हा दुसरा.

पोरांना आत न्या, हात साबणाने धुवा, अंगण बंद करा, पोरांना डॉक्टरांना दाखवा, असं मी सांगत असतानाच भिंत बांधणारा गवंडी तिथे आला. पाइपाच्या दुरुस्तीसाठी त्याला बोलावलं होतं. मी त्याला हात दाखवायला सांगितलं. त्याने जरा लाजतच पुढे केले. बोटांच्या पेरांवर गोल, खोल भोकं पडली होती, कुणी पंच मारल्यासारखी.

"दुखत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून मीही सोडून दिलं."

"कधीपासून?"

"ही भिंत बांधली तेव्हापासून. विटा पाण्यात भिजवूनच लावाव्या लागतात ना, बाई."

मी वाकून विटेवरची छाप पाहिली. एक पान, देठासकट. ती छाप मला ओळखीची होती. कारखान्यांच्या विषारी गाळापासून विटा बनवणाऱ्या भट्टीची ती छाप. असली एक वीट आमच्या साहेबांच्या काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली होती, आदर्श उद्योगाचा नमुना म्हणून.

२

भट्टी गावाबाहेर होती. ती दोघा भावंडांची. थोरला भाऊ मालक; सगळे त्याला दादा म्हणत. धाकटी बहीण रसायनतज्ज्ञ. ती सगळ्यांची ताई. चामड्याच्या कारखान्यांतून निघणारा क्रोमचा गाळ पूर्वी सरळ ओढ्यात सोडला जायचा. तो मातीत मिसळून विटा भाजायच्या, म्हणजे क्रोम विटेत कायमचा कोंडला जातो, ही युक्ती ताईंनी बसवली होती. गाळातला क्रोम हिरवा, सुस्त जातीचा. तो सुस्तच राहिला तर वीट निर्धोक.

दादांनी माझं म्हणणं ऐकलं आणि ते हसले. "बाई, आमची एकही खेप तपासल्याशिवाय बाहेर पडत नाही. ताई, दाखव यांना."

ताई हसल्या नाहीत. प्रयोगशाळेतल्या फळीवर प्रत्येक खेपेची एकेक वीट राखून ठेवलेली होती, पांढऱ्या रंगाने खेपेची खूण घातलेली. त्यांनी शाळेच्या खेपेची वीट काढली, हातोडीने फोडली. आतून वीट काळी होती, कडा लाल आणि गाभा कोळशासारखा. चुरा करून आम्ही आम्लाच्या पाण्यात घातला. ठरलेला वेळ हलवत ठेवला, गाळला, औषध टाकलं.

पाणी जसंच्या तसं. पाण्यासारखंच.

मी शाळेच्या भिंतीतून काढून आणलेली वीट टेबलावर ठेवली. तीही फोडली. ती आरपार लाल होती. तिचं पाणी मात्र क्षणात जांभळं झालं.

"झालं तर!" दादांनी टेबलावर थाप मारली. "ही वीट आमची नाहीच. कुणीतरी आमची छाप उचललीय. बाजारात नाव झालं की नकला निघतातच. शोधा त्याला!"

ताईंनी वर पाहिलं नाही. त्या तुकडे गोळा करून डब्यात भरत होत्या, एकेक करून.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नकली विटांचा चोर शोधणं हे सरळ काम होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"नकली कशाने? शाळेच्या विटा मीच पाठवल्यात की. गाडीत चढवताना समोर उभी होते."

दादांची बायको. भट्टीवरचे सगळे त्यांना वहिनी म्हणत. गिऱ्हाइकांचं सगळं त्याच बघत.

दादांचं हसू गेलं. "तू जरा गप्प बसशील?"

"का? खोटं बोलू?" वहिनी म्हणाल्या. "आपल्याच विटा आहेत त्या."

३

म्हणजे एकाच खेपेतली एक वीट विषारी आणि एक निर्धोक. हे कसं शक्य आहे, यावर मी डोकं खाजवत बसले असताना साहेबांनी परस्पर उत्तर शोधूनही टाकलं.

भट्टीला गाळ पुरवणारा एक ट्रकवाला होता. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण नव्हतं. रेडिओ दोन ठिकाणचा माल उचलायचा. चामड्याच्या कारखान्यांचा हिरवा गाळ भट्टीवर आणायचा आणि धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांची पिवळ्या पाण्याची पिंपं विषारी कचऱ्याच्या सरकारी खड्ड्यावर पोचवायचा. ती पिंपं म्हणजे नुसता पिवळा क्रोम. आणि त्याच्या ट्रकच्या फळ्यांवर पिवळे डाग सापडले.

"हाच!" साहेब फोनवर म्हणाले. "खड्ड्यापर्यंत जायचा कंटाळा. डिझेल वाचवलं. एक पिंप दिलं ओतून भट्टीच्या गाळात. थोडा माल खराब झाला, थोडा चांगला राहिला. म्हणून तुमच्या दोन विटा दोन तऱ्हेच्या. पोलिसांना सांगितलंय मी."

मी चौकीत पोचले तेव्हा रेडिओ बाकावर बसून हवालदाराला आपल्या सासुरवाडीची हकीकत सांगत होता. मला पाहून उठला.

"बाई, तुम्हीच सांगा. मी चोर असतो तर एवढं बोललो असतो का? चोर माणूस गुमान बसतो."

"डाग कसले आहेत फळ्यांवर?"

"पिंप गळतं हो! प्लेटिंगवाल्यांना कितीदा सांगितलं, झाकणाला नवीन वायसर लावा. डाग नाही पडणार तर काय पडणार? पण पिंप मी खड्ड्यावरच दिलंय. माझ्या बायकोची शपथ. तिची शपथ खोटी घेतली तर ती मला जिवंत ठेवेल का?"

त्याचा ट्रक जप्त झाला होता. बायको बाहेर दुसऱ्या बाकावर बसली होती, आणि नवरा एवढा बडबड्या असून ती एक अक्षर बोलत नव्हती. तिने फक्त विचारलं, "सोडतील ना?"

मी साहेबांना फोन लावला. "भट्टीवरच्या कच्च्या विटा मी तपासल्या. गाळ तपासला. पिवळा क्रोम कुठेच नाही."

"आता नाहीच सापडणार. तेव्हाचा माल संपला."

"पण साहेब..."

"तुम्हाला नेमकं काय हवंय? गुन्हा सापडला, गुन्हेगार सापडला. अहवाल लिहा."

फोन ठेवला. घरी आले तर आमच्या नवऱ्याने माझ्या चपला काढण्याच्या आवाजावरूनच ओळखलं आणि न बोलता ताट वाढलं. मी दोन घास खाल्ले असतील. गवंड्याची बोटं डोळ्यांपुढून हलत नव्हती. आणि तसाच घास हातात धरून मी थांबले.

बोटं.

शाळेच्या विटा गवंड्याने हाताळल्या, भाजून झाल्यावर. पण भाजायच्या आधीही त्या कुणीतरी हाताळल्याच असतील!

४

विटा पाडण्याच्या शेडमध्ये बायका काम करत होत्या. ओला गाळमिश्रित चिखल हाताने साच्यात दाबायचा, वरून तारेने कापायचा, साचा उलटा करायचा. हातमोजे फळीवर पडून होते. मोजे घातले की चिखलाचा अंदाज येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"हात दाखवा बघू," मी म्हटलं.

"कुणाचं लग्न जमवताय की काय, बाई?" एकजण म्हणाली आणि शेडभर हसू पसरलं.

मी एकेकीचे हात उलटसुलट पाहिले. भेगा होत्या, घट्टे होते, एका बाईच्या अंगठ्याला तार लागलेली होती. भोक एकाही बोटाला नव्हतं.

"शाळेची खेप कुणी पाडली?"

"आम्हीच सगळ्यांनी. दुसरं आहे कोण इथे?"

"तेव्हा हातांची आग झाली? फोड? पिवळं काही दिसलं?"

नाही, नाही आणि नाही. चिखल नेहमीसारखाच होता.

मी शेडच्या बाहेर येऊन उभी राहिले. रेडिओने जर पिवळं पिंप गाळात ओतलं असतं, तर सगळ्यात आधी या बायकांचे हात गेले असते. दिवसभर त्या उघड्या हातांनी त्यातच होत्या. यांचे हात शाबूत आणि गवंड्याच्या हातांची चाळण. म्हणजे चिखलात विष नव्हतं, आणि विटेत होतं.

मधे काय होतं? फक्त भट्टी.

भट्टी सांभाळणारे मास्तर सावलीत बसले होते. वयस्कर, किडकिडीत माणूस. मी जवळ गेले तसा त्यांनी नाकाला लावलेला रुमाल चटकन खिशात कोंबला. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. रुमालावर रक्त होतं.

"काय झालं मास्तर?"

"काही नाही. उष्णतेचं आहे. भट्टीजवळ बसून बसून घोळणा फुटतो."

"पूर्वीपासून फुटायचा?"

ते विचारात पडले. "नाही बुवा. ती लाल खेप उतरवली ना भट्टीतून, तेव्हापासून. पिवळसर धूळ फार होती त्या खेपेला."

"लाल खेप?" मी म्हटलं. "इतर विटा लाल नसतात?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपण बोलायला नको होतं ते बोललो, हे त्यांना तेव्हाच कळलं.

५

त्यांना बोलतं करायला मला फार वेळ लागला नाही. रक्त पाहून मीच त्यांच्यापेक्षा जास्त घाबरले होते, आणि ते त्यांना दिसत होतं.

नेहमीच्या विटेत ताई कोळशाची भुकटी मिसळायला लावत आणि भट्टीत हवा बेताचीच सोडायला लावत. त्यामुळे वीट आतून काळी राहायची. शाळेच्या खेपेला मात्र भुकटी घातली नाही, वर भट्टीला मोठा पंखा लावून भरपूर हवा दिली. विटा आरपार लाल निघाल्या, एकदम सुरेख.

"कुणी सांगितलं तसं करायला?"

मास्तरांनी कचेरीकडे बोट दाखवलं.

"मी सांगितलं," वहिनी म्हणाल्या. मी त्यांना शोधत कचेरीत गेले तेव्हा त्यांनी एका क्षणाचाही आडपडदा ठेवला नाही. "शाळेचा आर्किटेक्ट म्हणाला, तुमची वीट कापली की जळक्या भाकरीसारखी दिसते, उघड्या भिंतीला चालणार नाही. मग मी म्हटलं, लाल देते. साचेसुद्धा नवे करून घेतले त्या खेपेसाठी. जुन्या साच्यात पानाचा देठ तुटका उठायचा. रंग बदलायला सांगितला मी, बाई. विष घालायला नाही."

"ताईंना विचारलंत?"

"ताई इथे नव्हत्या, म्हणून ती खेप न तपासताच गेली. आमच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ते चिघळलं म्हणून दीड महिना त्यांच्याजवळ दवाखान्यात होत्या. आणि भट्टीत जास्त हवा गेली तर काय होतं, हे मला कसं कळणार? मी कॉमर्सची."

काय होतं, ते मी त्यांना सांगितलं. गाळातला हिरवा क्रोम भरपूर हवेत तापला की त्याचा पिवळा होतो. कोळशाची भुकटी हवा खाऊन टाकते, म्हणून तो हिरवा राहतो. काळा गाभा हा दोष नव्हता, ते कुलूप होतं. वहिनींनी ते काढून टाकलं होतं.

त्या खुर्चीत बसल्याच. मग एकदम म्हणाल्या, "अहो, मग आमची खोली!"

"कुठली खोली?"

"त्याच खेपेतल्या उरलेल्या विटांनी सासूबाईंना नवी खोली बांधलीय आम्ही. ऑपरेशननंतर त्यांना उजेडाची खोली हवी म्हणून. दादांनी उभं राहून बांधून घेतली."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. हे नाटक असेल, तर मग मला माणसं अजिबात कळत नाहीत, असं म्हणायचं. विटा विषारी आहेत हे दादांना किंवा वहिनींना माहीत असतं, तर त्यांनी स्वतःच्या आईला त्या भिंतींत झोपवलं असतं का? मास्तरांना माहीत असतं, तर त्यांनी उघड्या नाकाने खेप उतरवली असती का?

मग फळीवर ती काळी वीट कुणी ठेवली?

"सासूबाई त्या खोलीत राहतात?"

"नाही ना," वहिनी म्हणाल्या. "दोनच दिवस राहिल्या. मग ताई येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेल्या. भिंत ओली आहे, सर्दी होईल, म्हणाल्या. खोलीला कुलूपही घातलं."

६

प्रयोगशाळेच्या मागेच ताईंची दोन खोल्यांची जागा होती. आई खाटेवर बसून ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकत होत्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बघा ना, नवी खोली सोडून इथे आणून टाकलंय. तिथे कसा छान उजेड! मी म्हटलं, ओल कुठेय? मला तर कुठे लागली नाही हाताला. तर ऐकायलाच तयार नाही. आली, माझं सामान उचललं, मला उचललं. एवढी घाई मी हिच्या जन्मात कधी पाहिली नाही. आल्याआल्या मला आंघोळ घातली, दोनदा. लहान पोराला घालतात तशी, घासून घासून!"

"केव्हा गेल्या होत्या त्या खोलीत?"

"दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवसांनी. आधी प्रयोगशाळेत जाऊन बसली होती. तिथून जी तडक आली ती अशी."

मी उठले. फोडलेल्या राखीव विटेचे तुकडे प्रयोगशाळेतल्या डब्यात होते. छापेचा तुकडा काढला आणि खिडकीशी नेला. पानाचा देठ तुटका होता.

शाळेची खेप नव्या साच्यांतून निघालेली. भिंतीतल्या प्रत्येक विटेवर पान पूर्ण होतं. ही वीट जुन्या साच्याची. कुणीतरी जुनी निर्धोक वीट घेऊन तिच्यावर शाळेच्या खेपेची खूण रंगवली होती.

मी वळले. ताई दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. मी म्हटलं, "मास्तर सांगतात, भट्टीचा तो मोठा पंखा दवाखान्यातून आल्यावर तुम्हीच बंद केलात. वीज फार खातो म्हणून. विजेचं कारण खोटं होतं. तुम्ही लाल वीट तपासली होती."

त्यांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं रडतील, नाहीतर ओरडतील. त्या स्टुलावर बसल्या आणि हातरुमालाने टेबल पुसायला लागल्या, स्वच्छ असलेलंच.

"मी आले तोवर विटा भिंतीत गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं तर लोकांनी एवढंच ऐकलं असतं, की या विटांतून विष निघतं. काळी कुठली आणि लाल कुठली, हे कुणी विचारलं असतं? भट्टी बंद झाली असती. आणि गाळ परत ओढ्यात. मी त्या ओढ्याच्या काठी वाढलेय, बाई. ओढ्यात पाय घातला की फोड यायचे. ते बंद व्हावं म्हणून उमर घातली मी यात. एका खेपेसाठी ते सगळं जाऊ द्यायचं?"

"आणि भिंत?"

"कोरडी भिंत काही करत नाही. सुट्टीत बाहेरून लेप देऊन घेणार होते. वहिनींना पटवलंही होतं, चमक येईल म्हणून." आवाज खाली गेला. "पाइप फुटेल असं नव्हतं वाटलं."

"तुमच्या आईची खोलीही कोरडीच होती."

त्या टेबल पुसत राहिल्या.

"तरी त्यांना हलवलंत. दोनदा आंघोळ घातलीत. शाळेतली पोरं त्या पाण्याने चित्रं काढत होती, ताई. त्यांना कुठे हलवणार होतात?"

त्यांचा पुसणारा हात थांबला. आतल्या खोलीतून आई विचारत होत्या, "कोण गं? गेल्या का त्या बाई? चहा तरी दे त्यांना!"

"रेडिओ दोन दिवस कोठडीत आहे," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं त्याने काही केलं नाही."

"माहीत होतं," ताई म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "चला. काय लिहायचं ते लिहा. मी सही करते."

७

रहस्य उलगडलं की तपास करणाऱ्याला आनंद होतो असं म्हणतात. मला झाला नाही.

रेडिओ सुटला. त्याच्या बायकोने त्याला चौकीतून हाताला धरून नेलं आणि त्या दिवशी म्हणे वाटेत तीच बोलत होती. पोरांच्या तपासण्या झाल्या. दोघांच्या बोटांना फोड आले होते, ते बरे होतील असं डॉक्टर म्हणाले. गवंड्याला मात्र बराच काळ ओल्या कामाला हात लावायचा नव्हता, आणि ओल्याशिवाय गवंडीकाम असतं कुठे? मास्तरांच्या नाकाचा पडदा आतून विरला होता. ताईंवर खटला उभा राहिला. भट्टीला मी स्वतःच्या हाताने सील ठोकलं. दादा बाजूला उभे होते. ते मला काही बोलले नाहीत, वहिनींशीही बोलत नव्हते.

मग ताई म्हणाल्या होत्या तेच व्हायला लागलं. आरपार लाल, आतून काळी, हा फरक मी पत्रकारांना वीट फोडून समजावला. दुसऱ्या दिवशी छापून आलं की गाळाच्या विटा विषारी असतात. साहेबांच्या कपाटातली वीट गुपचूप नाहीशी झाली. चामड्याच्या कारखान्यांत गाळाचे ढीग लागले आणि एका सकाळी ओढ्याकडून उग्र वास आल्याचा फोन आला. मी गेले. पाणी हिरवट होतं. कुणी सोडलं, कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेची भिंत पाडली होती. विटांचा राडारोडा मैदानाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडला होता. दादांच्या आईची खोलीही पाडून तिथेच आणून टाकली. तो आता धोकादायक कचरा होता आणि तो घ्यायला कुणी तयार नव्हतं. खड्डेवाले म्हणाले, बांधकामाचा माल आम्ही घेत नाही. नगरपालिका म्हणाली, विष आम्ही घेत नाही. मुख्याध्यापिका मला रोज फोन करायच्या. ताडपत्री फाटली, मॅडम. वारा सुटलाय, मॅडम. मॅडम, पोरं आहेत इथे.

शेवटी मी साहेबांच्या खोलीत जाऊन उभीच राहिले.

"अधिकृत केंद्रात पाठवा," साहेब म्हणाले. "नियम आहे तसा. यात विचारायचं काय?"

"साहेब, खड्डा फक्त पिंपं घेतो; क्रोमचा बाकी माल घेणारं अधिकृत केंद्र आपल्या हद्दीत एकच आहे. ती भट्टी. ते आपण सील केलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, लावला. "मी तुम्हाला काय सांगितलं?"

"अधिकृत केंद्रात पाठवा."

"मग? इंग्रजीत सांगू?"

मी बाहेर येऊन रेडिओला फोन लावला. गाडी रिकामी आहे का, म्हणून विचारलं. कुठला माल, ते सांगितल्यावर पलीकडे चक्क शांतता पसरली. मग म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या जिवावरच उठलाय." पण आला. या वेळी त्याने फळ्यांवर दुहेरी प्लास्टिक अंथरलं होतं, आणि माझ्याकडून लिहून घेतलं की माल माझ्या सांगण्यावरून नेतोय.

भट्टीचं सील मीच काढलं. राडारोडा पाणी मारून दळायचा, कोळशाची भुकटी घालून पुन्हा भाजायचा, म्हणजे पिवळ्याचा परत हिरवा होतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. किती भुकटी, किती हवा, आच केव्हा वाढवायची, हे एकाच माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाला न्यायालयाने भट्टीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायला मनाई केली होती.

ताई फाटकाबाहेर स्टूल टाकून बसल्या. कुणी बोलावलं ते मी विचारलं नाही. बहुधा वहिनींनी, स्टूल त्यांच्या कचेरीतलं होतं. मास्तर भट्टीपाशी, ताई रस्त्यावर आणि मी दोघांच्या मधे, ओरडून निरोप पोचवत.

"धूर कसला येतोय?" ताईंनी विचारलं.

"दाट! करडा!"

"मग वरची झडप बंद करायला सांगा. पूर्ण नाही. हाताचा पंजा जाईल एवढी फट ठेवा."

मी ओरडले. मास्तरांनी झडप ओढली. दुपारपर्यंत माझा घसा बसला. मधेच साहेबांचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. आमच्या नवऱ्याचा आला, तो उचलला आणि डबा पाठव म्हटलं, पाच माणसांचा.

"बाई!" फाटकाबाहेरून पुन्हा हाक आली. "मास्तरांनी नाक बांधलंय ना?"

मी वळून पाहिलं. "बांधलंय!"

"आणि तुम्ही?"

मी बांधलं नव्हतं. गळ्यातला मास्क वर ओढला आणि पुन्हा भट्टीकडे वळले.